उंबराला डोळा आला

शिकार या विषयाशी आमच्या घराण्याचा संबंध ढेकणांपुरता. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात रात्री बारा वाजता एकदम दिवा लावायचा, गादी उलटायची आणि दिसेल त्याला टिपायचं, ही आमची परंपरागत शिकार. हाका घालण्याचा मान आईचा, नेम आजोबांचा, आणि प्रेतं मोजण्याचं काम माझ्याकडे. पुढे १९७२ साली वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि देशातल्या बंदुका खुंटीला लागल्या; पण त्या कायद्याने उंदराला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घालून ठेवल्यामुळे आमच्याकडची शिकार ढेकणांवरून उंदरांवर गेली, एवढाच काय तो फरक. तेव्हा अशा घरातला माणूस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हरणाच्या मागावर बेडशाच्या डोंगरात हिंडू लागला, याला त्याची बायको 'उतारवयातलं खूळ' म्हणाली तर तिचं काही चुकलं नाही.

बेडसे म्हणजे मावळातलं. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लेण्यांचं बेडसे. कार्ल्याला लोक लोंढ्याने जातात, भाज्याला धबधब्यासाठी जातात, बेडशाला ज्यांना गर्दी नको असते ते जातात. किंवा मग ज्यांची तिथे जमीन असते ते. आमची आहे. म्हणजे हिची आहे. सातबाऱ्यावर हिच्या माहेरचं नाव लागलं म्हणून ही शेतकरी, आणि मी शेतकऱ्याचा नवरा. अकरा गुंठे. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिथे दोन खोल्या बांधल्या आणि शुक्रवार ते सोमवार आम्ही तिथे राहू लागलो. वर डोंगरात चारशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलं की दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह, पुढे ते उंच खांब, खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. खाली आमची रताळी.

सगळा प्रकार या रताळ्यांपासून सुरू झाला. मी रताळी लावली, वेल पसरले, पण काढायला गेलो तर वाफ्यात खड्डे. पावट्याचंही तेच. शेजारी आबा राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, कमरेला कोयता, भाताची दोन खाचरं, इंद्रायणीशिवाय दुसरा तांदूळ खाणाऱ्याला मनातून कमी लेखणारा माणूस. आमच्या गैरहजेरीत जागेवर त्यांचंच लक्ष असतं. आबांनी खड्ड्यात बोट घातलं, माती हुंगली आणि निकाल दिला, "साळिंदर हाय ते, साहेब."

मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, साळिंदर पिशवी घेऊन येतं काय? कारण वाफा कसा साफ, झाडून नेल्यासारखा. आणि आबांच्या ओट्यावर त्याच दिवशी रताळी उकडल्याचा वास येत होता. आता मावळात रताळी सगळ्यांच्याच चुलीवर उकडतात, पण छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या शिलकीकडे संशयाने बघायची सवय लागलेली असते.

अशात डिसेंबरात माझा भाचा अमेरिकेहून आला. विस्कॉन्सिनला मॅडिसन म्हणून गाव आहे, तिथे असतो. लहानपणी हा मुलगा झुरळ दिसलं की पलंगावर चढायचा. आता तो नोव्हेंबरात कचेरीतल्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातो. तिथे बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम असतो म्हणे, आणि त्या नऊ दिवसांत अर्धं राज्य भगव्या रंगाची जाकिटं घालून रानात शिरतं. भगवी, म्हणजे एकमेकांना हरीण समजून गोळ्या घालू नयेत म्हणून. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही. (भाच्याचा फोटो पाहून ताईला वाटलं, पोराने दीक्षाच घेतली.) तो स्वतः गोळी झाडत नाही. डब्यात साबुदाण्याची खिचडी नेतो आणि झाडावरच्या मचाणात थंडीने कुडकुडत बसतो. आमच्या घराण्यातल्या शिकाऱ्याची मजल इथवरच.

पण त्याने सांगितलेली खरी गंमत शिकारीच्या आधीची. शिकारी लोक जून-जुलैपासूनच रानात झाडांना कॅमेरे बांधून ठेवतात. हरीण पुढून गेलं, की त्याच्या अंगची ऊब आणि हालचाल ओळखून कॅमेरा आपला आपणच फोटो काढतो, आणि आत मोबाईलचं सिम असल्यामुळे तो फोटो लगेच मालकाच्या फोनवर पाठवतो. म्हणजे मालक कचेरीत बैठकीला बसलेला असताना टेबलाखाली 'अमुक शिंगांचा नर पाण्यावर आला' अशी वर्दी येते. नर कुठल्या वाटेने येतो, किती वाजता येतो, चांदण्यात येतो का अंधारात, सगळी कुंडली मांडून ठेवतात. नावंसुद्धा ठेवतात. मग हंगाम उघडला की त्या वाटेवर, त्या वेळी, जाऊन बसायचं.

"अरे, मग शिकार कसली रे ही?" मी म्हटलं. "ही तर वसुली झाली. पत्ता माहीत, घरी असण्याची वेळ माहीत!"

"तिथेही काही लोक असंच म्हणतात, मामा," तो म्हणाला. "ॲरिझोनात शिकारीसाठी हे कॅमेरे लावायला २०२२ पासून बंदीच आहे."

असं म्हणून त्याने बॅगेतून एक हिरवट-करडा डबा काढून माझ्या हातात ठेवला. "तुझ्यासाठी. तुझी रताळी कोण खातं ते बघ एकदा."

हा डबा जगाला नवा नाही, हे मला नंतर वाचून कळलं. पेन्सिल्व्हेनियातल्या जॉर्ज शिरास नावाच्या वकिलाने शंभरावर वर्षांपूर्वी रानात दोरी ताणून ठेवली होती. रात्री हरणाचा पाय दोरीला लागला की भपकन उजेड आणि फोटो. 'नॅशनल जिओग्राफिक'ने १९०६ साली त्याचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. आपल्याकडे चॅम्पियन नावाचे जंगलखात्यातले इंग्रज साहेब १९२० च्या दशकात वाघांकडून असेच स्वतःचे फोटो काढून घेत होते. आणि २०१८ च्या व्याघ्रगणनेत तर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून साडेतीन कोटींच्या घरात फोटो निघाले, त्याची गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. त्यांतले वाघाचे किती? पाऊण लाखाच्या वर थोडेसे. उरलेल्या कोट्यवधी फोटोंत दुसरं काय काय निघालं असेल, याची मला पुढे चांगलीच कल्पना आली.

प्रथम सिमचा प्रश्न. दुकानातल्या मुलाने विचारलं, "काका, सिम कोणासाठी?"

"झाडासाठी."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि अत्यंत सौम्य आवाजात विचारलं, "काकांबरोबर कोणी आलंय का?" शेवटी ते माझ्या आधार कार्डावर निघालं. तेव्हापासून दर अठ्ठावीस दिवसांनी मी एका उंबराचं रिचार्ज करतो.

उंबर आमच्या हद्दीच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर आहे. त्याच्या पलीकडे जंगलखात्याची हद्द. तिकडे परवानगीवाचून असला डबा लावता येत नाही, म्हणून पट्टा आमच्याच बाजूच्या बुंध्याला आवळला, आठ सेल भरले. आबा विडी ओढत बघत होते. "काय हाय?" म्हणाले. "हवामानाचं यंत्र आहे," मी म्हटलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा विज्ञानाचा आधार घेतो. खरं सांगायचं तर तो डबा मी साळिंदरासाठी लावलाच नव्हता. आबांसाठी लावला होता.

पहिल्या आठवड्यात २४३ फोटो आले. त्यांतले दोनशे एका फांदीचे. वारा आला, पान हललं, ऊन पडलं, की ठक्क. माझ्या फोनला रात्रंदिवस कंठ फुटला. बाकी उरलेल्यांत गावातलं कुत्रं, तेच कुत्रं, त्या कुत्र्याची शेपटी, एक मुंगूस, आणि लंगोटीवजा पंचा नेसून उंबराच्या आडोशाला पाठमोरा उभा असलेला एक पोक्त गृहस्थ. हा फोटो कोणाचा हे मी ओळखेपर्यंत विस्कॉन्सिनहून निरोप आला, 'मामा, संडास बांधला आहेस ना?' कॅमेऱ्याचं खातं भाच्याच्या नावावर होतं, त्यामुळे एक प्रत तिकडे जात होती.

आठव्या रात्री साळिंदर आलं. दोनदा आलं. एकदा तोंडाने आणि एकदा काटे फिस्कारून पाठीने. वाफा साफ करून गेलं. आबांना मी हे सांगितलं नाही. सांगायचं तर डबा हवामानाचा नाही हेही सांगावं लागलं असतं. नुसतं म्हटलं, "आबा, साळिंदरच असणार." आबा म्हणाले, "तेच म्या म्हनलो हुतो."

आणि मग एका पहाटे, तीन वाजून दहा मिनिटांनी, ते आलं.

भेकर. शेळीएवढं अंग, बारीक पाय, मान जराशी खाली, आणि एक पाय उचलून धरलेला. टेकवावा का नाही, हे अजून ठरलेलं नाही असा. पिकून पडलेली उंबरं खायला आलं होतं. दुसऱ्या फोटोत त्याच्या मागे एक एवढंसं पिल्लू. मी हिला हलवलं. हिने चष्मा लावून फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. त्या फोटोच्या खालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान आणि चंद्राची कला छापून येते. ही म्हणाली, "अगंबाई, किती गोड! आणि परवा संकष्टी आहे."

त्या दिवसापासून माझं बिघडलं. मी रात्री तीनला जागा होऊ लागलो. उशाशी फोन. पुण्यात असलो की तर जास्तच. तीन दहा, तीन सोळा, एकदा पावणेचार झाले तेव्हा मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. पूर्वी मुलगी गॅदरिंगहून उशिरा यायची तेव्हा घातल्या होत्या तशा. 'आलं का?' ही अंथरुणातूनच विचारी. 'आलं' म्हटलं की कूस बदलून घोरू लागे. पिल्लू महिनाभरात हाताने मोजण्याइतकं वाढलं.

आता असलं वैभव पदरात पडल्यावर माणूस ते कट्ट्यावर नेणारच. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे आम्ही सात-आठ निवृत्त. कोणी नातीचं अरंगेत्रम दाखवतो, कोणी मुलाची मोटार. मी भेकर काढलं. मुक्काम पोस्ट न्यू जर्सीची सगळी नातवंडं त्या दिवशी फिकी पडली. त्यांतल्या एका गृहस्थांनी मात्र वाहवा केली नाही. ते अधूनमधूनच येत. मावळाच्या बाजूला त्यांचंही कुठेतरी शेतघर होतं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "रोज येतं?"

"रोज. तीन दहा. घड्याळ लावून घ्या."

"ओढ्याकडून येतं का डोंगराकडून?"

"डोंगराकडून. लेण्यांच्या पायऱ्यांच्या डाव्या हाताला करवंदांची जाळी आहे ना, तिथून पायवाट उतरते."

"वारा कुठल्या अंगाने असतो हो तिथे?"

तेही सांगितलं. परीक्षेत एखादा प्रश्न आपल्याला नेमका येत असला की जसं पुरवणी मागून लिहितो, तसं सांगितलं. घरी जाऊन चहा पिताना मात्र तो शेवटचा प्रश्न आठवला. वारा कशाला हवा होता त्यांना? कौतुक करायला वाऱ्याची दिशा लागत नाही. भाच्याच्या मित्रांना लागते.

मी स्वतःची समजूत घातली. आपल्याकडे हरणाला हात लावणं म्हणजे तुरुंगाची वाट. सुशिक्षित माणूस, पायात पांढरे बूट घालून टेकडीवर येतो, तो कशाला असलं काही करील? असेल हौस. एवढं म्हणून मी चहा संपवला, तो थंड झाला होता.

मार्चच्या अखेरीला भेकर यायचं थांबलं. एक रात्र, दोन, चार. पाचव्या रात्री अडीच वाजता फोन वाजला. फोटोत माणूस. बॅटरीचा झोत खाली, हातात कोयता, ओणवा होऊन पायवाटेवरून काहीतरी उचलतोय. तोंड दिसत नव्हतं, पण तो टोपीचा कोन आणि ती कंबर मी ओळखत होतो. आबा.

खरं सांगतो, धक्का बसला त्याच्या आधी क्षणभर समाधान वाटलं. बघा, मी म्हणतच होतो! रताळ्याच्या वेळी फसलेला हिशेब शेवटी जुळला होता. मग धक्का बसला. पहिली लोकल पकडून कामशेत गाठलं, तिथून रिक्षा. ही बरोबर यायला निघाली होती, तिला नको म्हटलं. रस्ताभर काय काय बोलायचं ते घोकत होतो. माणसाच्या विश्वासावर दोन भाषणं तयार होती.

आबा ओट्यावर बसले होते. मी फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "हे काय आहे, आबा?"

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "म्या हाय," म्हणाले. "हवामानाचं यंत्र बरं फोटू काढतंय."

मग उठून आत गेले आणि एक गोणपाट आणून माझ्या पायाशी उलटं केलं. आतून तारा पडल्या. मोटारसायकलच्या क्लचच्या तारा असतात तसल्या, प्रत्येकीला सरकती गाठ मारलेली. सात होत्या. एकीला केस चिकटले होते, तांबूस.

"जाळीतल्या वाटंवर लावत्यात," आबा म्हणाले. "संध्याकाळी लावायचा, पहाटं येऊन बघायचा. म्हनून म्या आधी जातो. चार रोज चाललंय."

"आणि भेकर?"

"एकीतनं सुटलंय, केस हायेत बगा. कुठलं, मोठं का बारकं, ते काय ठावं न्हाई."

माझी दोन्ही भाषणं कुठे गेली कोण जाणे. विचारायचं म्हणून विचारलं, "कोण लावतं?"

"मानसं," आबा म्हणाले. विडी पेटवली. "साहेब, राग येऊ द्या, पर बोलतो. तुमचा डबा रातचा लाल डोळा उघडतो. आमच्या पोरासोरांनीबी बघितलाय. आता ज्याला फासा लावायचाय, त्याला जनावराची वाट हुडकाया चार राती लागायच्या. आता कशाला लागतील? डब्याचं तोंड कुठं हाय तेवढं बगायचं."

त्या डब्यातून रात्री अंधुक तांबडा उजेड पडतो, हे भाच्याने मला सांगितलं होतं. हरणाला तो फारसा कळत नाही म्हणे. माणसाला कळतो का, हे मी विचारलंच नव्हतं. आणि ज्याला डोळा दिसला नसेल, त्याला मी वाऱ्यासकट पत्ता दिला होता. तारा त्या गृहस्थांच्या होत्या असं मी म्हणत नाही. आजही म्हणत नाही. गावातल्या कोणाच्या असतील, बाहेरच्या असतील. पण तेव्हापासून टेकडीवर ते दिसले की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही कधी...?"

"खाल्लंय की," आबा शांतपणे म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पोरवयात शिमग्याला सारा गाव हाका घालायचा. पर तवा रान हुतं. आन जनावराला पळाया वाट हुती."

१९२६ हा वनखात्याचा क्रमांक मी बँकेतल्या सवयीने वहीत लिहून ठेवला होता. तो फिरवला. दुपारी वनरक्षक मोटारसायकलवरून आला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. तारा मोजल्या, जागा पाहिली, पंचनामा केला, माझ्या फोनमधले फोटो मागून घेतले. जाताना म्हणाला, "काका, फोटो छान आहेत. फक्त ग्रुपवर टाकत जाऊ नका." हे त्याने कुणाबद्दल म्हटलं ते मला कळलं, आणि त्याला कळलं नसावं अशी मी आशा करतो.

संध्याकाळी पट्टा सोडून डबा काढला. आबांनी शिडी धरली. उंबराच्या बुंध्यावर पट्ट्याचा वळ तेवढा राहिला. मला रताळ्याची गोष्ट सांगून टाकायची होती. डबा मुळात कोणासाठी लावला होता ती. तोंड उघडलंही. आबा म्हणाले, "सांभाळून उतरा, खालची पायरी हाललीय," आणि ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे उरलीसुरली रताळी नेऊन दिली. त्यांनी ठेवून घेतली. का दिली, ते विचारलं नाही.

डबा आता पुण्याला कपाटावर आहे. सिमची मुदत संपत आल्याचे निरोप नेमाने येतात. भाचा मधूनमधून विचारतो, "मामा, बॅटरी संपली का?" मी म्हणतो, "उंबराला पगारी रजेवर पाठवलंय."

एप्रिलात आम्ही दोघं पुन्हा बेडशाला गेलो. रात्री जाग आली ती आवाजाने. ओढ्याकडून कुत्रं भुंकल्यासारखा, पण कुत्र्याहून कोरडा. एकदा, थांबून पुन्हा एकदा. हीही जागी झाली होती.

"तेच का हो?"

"भेकरच. धोका दिसला की ओरडतं. आबा सांगतात."

"धोका म्हणजे? बिबट्या?"

"बिबट्या असेल," मी म्हटलं. "बिबट्याच असेल."

"किती वाजले?"

फोन मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत ठेवला होता. बाहेर आबांच्या ओट्यावरचा दिवा लागला, कडी वाजली, आणि बॅटरीचा झोत खाचराच्या बांधावरून डुलत डुलत ओढ्याकडे निघाला. मी उठलो. काळोखात चपला सापडेनात.

"स्वेटर घाला," ही म्हणाली. "आणि पंचा नको, पँट घाला."